महिला मेळाव्यात स्टेज कमी, टेबलं जास्त

मार्च आला की लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत महिला मेळाव्यांचे बॅनर लागतात. 8 मार्चच्या सुमारास ज्वारी-हरभऱ्याची काढणी चालू असते, घरात दहावी-बारावीची परीक्षा असते, हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला 31 मार्च दिसत असतो. जिच्यासाठी मेळावा, तीच नेमकी गुंतलेली. तारीख संक्रांत ते रथसप्तमीच्या मधली घ्या. त्या दिवसांत बायका तशाही घराबाहेर पडतात. फक्त निमंत्रणावर 'हळदी-कुंकू' छापू नका. नवऱ्यामागे शेती आणि लेकरं सांभाळणाऱ्या किती एकल महिला आहेत आपल्या भागात! तो शब्द वाचला की त्या येत नाहीत, आणि कामाच्या ओळखीची गरज सगळ्यात जास्त त्यांनाच असते.

वेळ साडेअकरा ते साडेतीन. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, येणं परवडतं. पण गावाकडची गाडी चुकली तर पुढच्या वेळी घरचे पाठवत नाहीत. त्यामुळे सत्कार 10 मिनिटांत उरका.

आता मुख्य काम, ओळखी. 60 जणींनी माईकवर दोन-दोन मिनिटं ओळख करून दिली तर दोन तास जातात आणि कुणाचं नावही लक्षात राहत नाही. त्यापेक्षा 10 टेबलं, प्रत्येकी 6 जणी. एक जण टेबलावर वही घेऊन कायम बसते, बाकीच्या पाच फिरतात. 20 मिनिटांच्या तीन फेऱ्या. कुणी कोणत्या टेबलावर जायचं ते आधीच चिठ्ठीवर लिहून द्या: 2, 5, 9. नाहीतर एका गावच्या एकत्र बसतात, वकीलबाई वकीलबाईंशीच बोलतात, आणि बचत गटाच्या महिला मागच्या भिंतीला टेकून राहतात.

ओळखीत तीनच गोष्टी: काय करते, किती करू शकते, आत्ता काय हवंय. 'मी पापड करते' यावर समोरची फक्त 'छान' म्हणते. 'ज्वारीचे पापड करते, महिन्याला 80 किलो निघतात, 200 ग्रॅमच्या पाकिटाला लेबल छापणारा हवाय आणि मोंढ्याजवळचा एखादा दुकानदार' असं म्हटलं की टेबलावरची कुणीतरी लगेच फोन काढते. जीएसटीचं काम करणाऱ्या बाईनेही 'आणखी पाच दुकानांचे रिटर्न घेऊ शकते' असं आकड्यातच सांगावं.

वहीत नंबरापुढे एक रकाना हवाच: फोन कुणाकडे असतो, किती वाजता लागेल. बऱ्याच घरांत दिवसभर फोन पोराकडे नाहीतर नवऱ्याकडे असतो. हा रकाना नसला की चांगली ओळखसुद्धा दोन मिस्ड कॉलवर संपते.

नेतृत्वाच्या सत्रात भाषण ठेवू नका, बैठक चालवून घ्या. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत 2011 पासून महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, बचत गट, त्यांचा गावचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ अशी साखळी आहे. तरी कितीतरी ठिकाणी बैठकीचं इतिवृत्त दुसराच लिहितो आणि बाई खाली सही करते. हे मनाला लागतं. सहा जणी, दोन विषय, 20 मिनिटं. त्यातला एक विषय पैशाचा. एक जण अध्यक्ष, एक जण इतिवृत्त लिहिणार, आणि सहीआधी ते मोठ्याने वाचायचं. गाडी हमखास अडते ती 'सविस्तर चर्चा झाली' या वाक्यावर. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहून होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, पण चार दिवसांत तो शुभ सकाळने भरतो. म्हणून मेळाव्याच्या दिवशीच दोन जणींवर जबाबदारी टाका. पंधराव्या दिवशी त्यांनी वही उघडून प्रत्येकीला विचारायचं, कुणाकुणाशी बोलणं झालं? 'धीर झाला नाही' असं उत्तर आलं, तर तिथल्या तिथे समोरच्या बाईचा फोन जोडून द्यायचा.