अष्टविनायकाची गाडी आणि ड्रायव्हरचे आठ तास

सहलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचा 'नवा' नियम लावला तर पुण्याहून निघणाऱ्या सहली बंद पडतील, तिकीट दुप्पट होईल, आणि युरोपनेही म्हणे हे नियम गुंडाळले.

नवा कसला? दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, हे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातलं आहे. त्याची जागा घेणाऱ्या नव्या श्रमसंहितेतही दिवसाचे आठच.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये पर्यटक बसच्या ड्रायव्हरला साडेचार तासांनंतरची ४५ मिनिटांची विश्रांती किमान १५-१५ मिनिटांच्या तुकड्यांत घ्यायची मुभा दिली. रोज नऊ तास ड्रायव्हिंगची मर्यादा तशीच आहे. (आपलीच मंडळी स्वित्झर्लंडमध्ये 'ड्रायव्हरचे तास संपले' ऐकून मुकाट हॉटेलवर जातात. इथे मात्र 'अहो, अजून ओझर बाकी आहे!')

आता सगळ्यांचं लाडकं वाक्य: 'लोक दर्शनाला गेले की ड्रायव्हर झोपतोच की.' लेण्याद्रीच्या पायथ्याला जाऊन बघा. वर तीनशेच्या आसपास पायऱ्या, म्हणून गुडघेदुखीवाले गाडीतच. एसी बंद, कारण डिझेल जळतं. कुणाला डिकीतली बॅग हवी, कुणाला मोबाईल चार्जिंगला लावायचाय, आणि डोळा लागतो न लागतो तोच पार्किंगवाला शिट्टी मारून गाडी मागे घ्यायला लावतो. १९६१ चा कायदा करणाऱ्यांना हे कळत होतं. नुसतं थांबणं पंधरा मिनिटांच्या पुढे गेलं तर ते कामाच्या तासांत धरलं नाही, पण ड्युटीवर आल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा पल्ला बारा तासांत बसवायला सांगितला. पहाटे पाचला स्वारगेट आणि रात्री दहाला मुक्काम, हे त्यात कुठे बसतं?

तिकिटाचं म्हणाल तर दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार-भत्ता दिवसाला दोन हजार धरा, गाडी चाळीस सिटांची. माणशी रोजचे पन्नास रुपये. किंवा दोनाचे तीन दिवस करा. तेव्हा खर्च नक्की वाढेल, पण दुप्पट नाही.

एक मुद्दा मात्र मेसेजवाल्यांचा रास्त आहे. १९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांनाच लागू होता. एकाच गाडीचा मालक, स्वतःच स्टिअरिंगवर बसणारा, त्यातून सुटायचा आणि नियम पाळणाऱ्यापेक्षा कमी भाव द्यायचा. पण पाचाहून कमी कामगार असलेल्यांनाही तो लावायचा अधिकार राज्य सरकारला त्याच कायद्याने दिला होता. तशीच तरतूद आताही मागायचं सोडून मेसेजवाले नियमच नको म्हणतायत.