महिन्याला किती पडतात?

लिहिणार नव्हते, पण दुपारपासून डोकं भणभणतंय, दोनदा चहा झाला तरी उतरेना, म्हणून इथे ओकतेय. गेम लाईव्ह दाखवणारी पोरं नुसत्या पैशाच्या हावेने बसतात असं सगळे धरून चालतात ना, त्याबद्दल. ज्यांना लांब वाटेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आज एका नातेवाइकांकडे वास्तुशांत होती. पंगत बसलेली, मसालेभात येऊन गेलेला, जिलबी फिरत होती आणि माझ्या शेजारी माझा भाचा. माझ्या भावाचा मुलगा हा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजसाठी सांगलीला आमच्याकडेच असतो, आणि रात्री मोबाईलवर बीजीएमआय (पब्जीचंच भारतातलं रूप, तो बंदुकांचा गेम) खेळतो ते यूट्यूबवर लाईव्ह करतो. तर समोरच्या ओळीतून आमचे एक भावोजी, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे, "काय रे, ते गेमचं चालू आहे का अजून? महिन्याला किती पडतात?" तो म्हणाला, "अजून काही नाही काका." झालं. अख्खी पंगत हसली. "मग रात्रभर जागून कुणाच्या शेताची राखण करतोस काय?" परत हशा. पोराने अर्धी जिलबी पानात तशीच ठेवली आणि बोटाने मठ्ठ्यातली कोथिंबीर कडेला लावत बसला. पोट भरलं म्हणाला. ज्याला एरवी चार जिलब्या कमी पडतात, तो.

त्यात पलीकडून एक काकू, "अगं पण ते गेमिंग बंदच केलं ना सरकारने?" अहो काकू, ऑगस्ट २०२५ चा तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, ते रमी आणि टीम लावायचे अॅप. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्यात वेगळं काढलंय, उलट उत्तेजन द्या म्हटलंय. पण हे सांगणार कुणाला, तोंडात घास होता आणि आपण पडलो घरच्या सुना.

आता मला जे सांगायचंय ते. मे महिन्यातली गोष्ट आहे. रात्री एकला पाणी प्यायला उठले तर ह्याच्या खोलीतून आवाज, "आलास का भावा? जेवलास का? डब्यात काय होतं आज?" मला वाटलं काहीतरी प्रकरण आहे, पण 'भावा' म्हणतोय म्हणजे तसलं नसावं, मग बोलतोय कुणाशी. आमच्या ह्यांचा मोबाईल ओट्यापाशी चार्जिंगला होता, त्यावर उभ्या उभ्या त्याचं चॅनल उघडलं. खाली आकडा होता, ३ जण बघतायत. तीन! त्यातली एक मी. दुसरा त्याचाच जुना फोन, लाईव्ह नीट जातंय का, आवाज फुटतोय का बघायला शेजारी उभा करून ठेवतो तो. आणि तिसरा एक तासगावचा पोरगा, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला नाईटला असतो. म्हणजे खरा बघणारा एकच. आणि त्या एकासाठी हा काय रंगून बोलत होता, एनिमी कुठून येणार, झोन कुठे सरकणार, कुठल्या घरात दबा धरायचा, आणि मध्येच "आत गार असेल ना रे, स्वेटर घातलायस का". मला राहवेना, मी टाईप केलं, छान खेळतोस. त्याने ते लगेच वाचून दाखवलं आणि म्हणाला, "थँक्यू काका, पण झोपा आता, सकाळी बँक आहे तुमची." ह्यांच्या अकाउंटवरून होते ना मी!

आता ह्याला म्हणे पैशाची हाव.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून सगळं समजून घेतलं, कारण आपण हिशेबाची माणसं. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी मिळून ४००० तास तरी बघितलेलं लागतं (किंवा मग शॉर्ट्स, म्हणजे छोटे व्हिडिओ, कोटीभर वेळा बघितले जायला हवेत, ते ह्याला जमत नाही). आता मांडा गणित. रोज तीन तास, बघणारे तीन, म्हणजे दिवसाचे नऊ तास. गणपती, दिवाळी, परीक्षा, ताप, काही न बघता ३६५ दिवस बसला तरी होतात ३२८५. त्यातून त्याचा फोन आणि त्याची आत्या वजा करा, राहिले १०९५. सुपरचॅट, म्हणजे लाईव्ह बघणारे मेसेजबरोबर पैसे टाकतात ते, त्याच्या आधी सुरू होतं, त्याला ५०० सबस्क्रायबर आणि ३००० तास, पण तिथेही कुणी १०० रुपये टाकले तर ३० यूट्यूब ठेवून घेतं. आणि जाहिरातीचे पैसे १०० डॉलर साठेपर्यंत खात्यात येतच नाहीत. हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. आपल्याला इतक्यात काही मिळत नाही हे त्या पंगतीतल्या प्रत्येकापेक्षा त्याला जास्त माहितीय, आणि तरी तो रात्री साडेदहाला हेडफोन चढवतो. मग कशाने चढवतो, ह्याचा जरा तरी विचार करा की.

भावोजींचंच घ्या, आता निघालंच आहे तर. त्यांच्या दारात शर्यतीचा खोंड आहे. त्याला पेंड, त्याला दूध, त्याला अंडी, वर चोळायला माणूस, टेम्पोचं भाडं वेगळं. आजवर एक ढाल आणि दोन फेटे आलेत घरात. त्यांना कुणी विचारलं का पंगतीत, खोंडाचे महिन्याला किती पडतात? नाही, तो नाद. नादाला किंमत नसते म्हणे. आणि आमचे हे, वीस वर्षं हौशी नाटकं करतायत, राज्य नाट्य स्पर्धेला दर वर्षी खिशातून घालतात, एका वर्षी प्रयोगाला पुढच्या दोन रांगा सोडल्या तर खुर्च्याच खुर्च्या होत्या, आणि घरी येऊन म्हणाले प्रयोग रंगला. सांगली पडली नाट्यपंढरी, इथे विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सुरुवात केली, त्यामुळे ते सगळं कलेत जमा. पोराचा एक बघणारा मात्र हसण्यावारी. मोठ्यांचा नाद तो नाद आणि पोरांचं ते खूळ, असा नियम कुणी केला?

बरं, पैसे नकोत असं तो म्हणत नाही, तेवढं मान्य. सेकंडहँड माईक घेतलाय त्याने दिवाळीच्या पैशातून, आणि मोठ्या लोकांच्या कमाईचे आकडे सांगताना डोळे चमकतात. २०२१ मध्ये ते ट्विचचं, म्हणजे गेम लाईव्ह दाखवायच्या साईटचं, सगळं बाहेर फुटलं होतं ना, कुणाला किती मिळाले त्याची यादी, वरच्यांचे लाखो डॉलर, ते त्याने मला दोनदा सांगितलंय. आणि हो, एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा पेपर, राहिलाय त्याचा, तेही लिहिते, नाहीतर माझा भाऊ खाली कमेंटमध्ये येऊन लिहीलच. पैसा यायला लागला की काही जण सुपरचॅट टाकणाऱ्याचंच नाव घेतात आणि फुकट्याकडे बघत नाहीत, हेही मी बघितलंय, आवडलं नाही.

पण तो पुढचा भाग झाला. सुरुवात कुणी त्यासाठी करत नाही. लॉकडाऊनमध्ये हा दहावीला होता, त्याच्या आईच्या फोनवर पब्जी खेळायचा, आणि तो डायनॅमो, म्हणजे आपल्या मुंबईचाच आदित्य सावंत, त्याचे व्हिडिओ बघत पाट्यावरचा वरवंटा टेकवून फोन उभा करायचा आणि एकटाच बडबडायचा. रेकॉर्डिंगसुद्धा नाही, नुसतीच बडबड! सप्टेंबर २०२० ला पब्जी बंद झालं, दोन दिवस जेवला नाही नीट. जुलै २०२१ ला बीजीएमआय आलं, पुढच्या जुलैत तेही प्लेस्टोअरवरून उडालं, मे २०२३ ला परत आलं. ह्या लोकांचा धंदा म्हणाल तर असा, की आज आहे आणि उद्या सरकारने एक ओळ काढली की नाही. नुसत्या पैशाचंच असतं तर इतकी पोरं कधीच दुसरीकडे वळली असती. काही वळली, ठीक आहे. बाकीची दुसरा गेम लावून बसलीच ना बोलत.

त्या तासगावच्या पोराबद्दल मी एकदा विचारलं होतं, तो रोज कसा काय येतो रे? तर म्हणाला, "आत्या, सकाळी सहापर्यंत एकटा असतो गं तो. मशीनचा आवाज आणि तो. मी बोलत असलो की त्याला झोप लागत नाही." एकदा ह्याला ताप होता, १०२, तरी दहा मिनिटं लाईव्ह आला, फक्त आज जमणार नाही हे सांगायला. मी केवढी ओरडले होते.

आणि खरं सांगू का, मला भावोजींचा राग आलाय त्यातला निम्मा माझाच आहे. तो नवीन आला होता तेव्हा एका रात्री भाकरी वाढताना मीपण हेच विचारलं होतं, अगदी हेच, अरे ह्यातून काही मिळतं का तुला. त्याने तेव्हाही असंच केलं होतं, मान खाली घालून आमटीतला कढीपत्ता काढून ताटाच्या कडेला एका ओळीत लावला होता. मठ्ठ्यातली कोथिंबीर बघितली आणि मला तो कढीपत्ता आठवला.

आता पावणेबारा झालेत. साडेदहाला त्याच्या खोलीत लाईट होता, आवाज नाही. आता लाईटही नाही. चॅनल उघडून बघितलं, आज लाईव्ह नाही. कालच्या व्हिडिओखाली तासगावचा विचारतोय, "भावा आज नाहीस का? आलोय मी." वीस मिनिटं झाली त्याला.

मी ह्यांच्याच अकाउंटवरून टाकलंय, येईल थोड्या वेळात. आता दार वाजवते त्याचं. दुपारच्या दोन जिलब्या आणल्यात पिशवीतून.