उपमा की क्लास?

शनिवारी सकाळी आमच्या न्यू जर्सीच्या घरात बायको रव्याचा डबा छातीशी धरून एकच प्रश्न विचारते, "उपमा की क्लास?"

मी माटुंग्याचा. चाळीतली सगळी पोरं तबल्याला जायची, मी शेजारच्या तमिळ मास्तरांकडे मृदंगम शिकलो. पखवाजाला जशी कणीक, तसा मृदंगमच्या डाव्या तोंडाला ओला रवा थापतात. तो नसेल तर खर्ज निघत नाही. वाजवून झालं की खरवडायचा, पुढच्या वेळी नवा. माटुंग्यात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आता इथे शनिवारी तळघरात पोरांना मृदंगम शिकवतो. पालकांना नुसतं "रवा आणा" म्हणालो. एकाने इडलीचा तांदळाचा रवा आणला, तो चिकटेचना. एकीच्या आईने तर प्रेमाने साजूक तुपात भाजूनच दिला. तळघरभर वास दरवळला, पण थापला की घसरायचा. एका आईने विचारलं, "सर, ग्लूटेन-फ्री चालेल का?"

"अहो, तो खाणार थोडाच आहे!"

"सर, तुम्ही अजून त्याला ओळखत नाही."

हिवाळ्यात हीटर लागला की 'त धि तोम् नम्' हे पहिले बोल होईपर्यंत रव्याचे पोपडे उडतात. उजवं तोंड कोरड्या हवेने ताणून सूर चढतो, मग मी दगडाने ठोकत बसतो. हा दगड एकदा विमानतळावर बॅगेत सापडला. "कशाला?" "सूर लावायला." त्या अधिकाऱ्याने शांतपणे दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं.

मृदंगमवादक टी. रंगनाथन १९६३ मध्ये कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात मृदंगम शिकवायला आले. त्यांच्या लयीवर जाणकार तासन्‌तास बोलतील. मला आपलं एवढंच वाटतं, त्या काळी तिथे ते रवा कुठून आणत असतील?

मागच्या शनिवारी डब्यात जेमतेम वाटीभर रवा होता. मी छातीवर दगड ठेवून "क्लास" म्हणालो. सहा पोरांनी तास वाजवला आणि खरवडलेला रवा एका वाडग्यात टाकला. वाडगं ओट्यावर ठेवून मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो.

परत आलो तर मुंबईहून आलेल्या आईने गरमागरम धिरडी वाढली. कुरकुरीत. मी तीन खाल्ली, चौथं मागितलं.

"अरे, एवढा भिजवलेला रवा फेकून देणार होतास?" आई म्हणाली.