तीन लाखांची ती आई शोधून दाखवा

‘एकट्या आईचं मूल दिव्यांग असेल तर सरकार वर्षाला तीन लाख देतं’ असा एक हिशेब व्हॉट्सअॅपच्या गटांमध्ये फिरतो आहे. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला २,५००, लाडकी बहीणचे १,५००, मुलाच्या सांभाळासाठीच्या बालसंगोपन योजनेचे २,२५०, म्हणजे वर्षाचे ७५ हजार. त्यावर निरामय विम्याचा १ लाख आणि प्राप्तिकरातले १ लाख २५ हजार. एकूण ३ लाख. शिवाय दोन वर्षं भरपगारी रजा, एसटीत सवलत, मुलाचं शिक्षण फुकट. शेवटी टोमणा: ‘आणखी काय हवं? कामाला जायला नको म्हणून रडगाणं.’

बेरीज बरोबर आहे आणि योजनाही सगळ्या खऱ्या आहेत, म्हणून शिकलेली माणसंही मेसेज पुढे ढकलतात. घोटाळा आहे तो हे सगळे आकडे एकाच बाईच्या पदरात टाकण्यात.

सुरुवात सगळ्यात मोठ्या आकड्यापासून करू. प्राप्तिकरातले १ लाख २५ हजार कुणी कुणाला देत नाही. ८०डीडी या नावाने ओळखली जाणारी ती वजावट आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर ७५ हजार, ८० टक्के किंवा अधिक असेल तर १ लाख २५ हजार, एवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा त्यामुळे उपकरासह ३९ हजार रुपये कर वाचतो. तोही जुनी करप्रणाली निवडली तर, कारण नव्या प्रणालीत ही वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीतही करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर कर मुळातच शून्य, त्यामुळे वाचवायला काही उरत नाही.

आता याच मेसेजची पहिली ओळ पाहा. संजय गांधी योजनेत विधवा किंवा परित्यक्ता म्हणून अर्ज करायचा तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. वर्षाचं, महिन्याचं नव्हे! महिन्याला १,७५० रुपये पडतात. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजारांची आहे. म्हणजे मेसेजमधली आई एकीकडे वर्षाला पन्नास हजारही कमवत नाही आणि दुसरीकडे पाच लाखांच्या वर कमवून कर भरते. रजेच्या ओळीपर्यंत पोचलो की तीच बाई सरकारी नोकरीतही असते.

निरामयचा १ लाख हीसुद्धा हातात पडणारी रक्कम नव्हे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या या आरोग्य विम्याची ती वर्षाची कमाल मर्यादा आहे, आणि बाह्यरुग्ण उपचार, थेरपी, शस्त्रक्रिया, प्रवास अशा प्रत्येक खर्चाला तिच्या आत वेगळी मर्यादा आहे. योजना चांगली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला नोंदणीला २५० रुपये, इतरांना ५००. आधी वैद्यकीय तपासणी नाही. उपचार कुठेही घ्या. पण पैसे आधी आपण भरायचे, बिलं जपायची, मग परतावा मागायचा. आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपी असेल तर आधी भरायचे पैसे आणायचे कुठून, हा पहिला प्रश्न. त्यात ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार २१ आहेत. स्नायू झिजत जाण्याचा आजार (मस्क्युलर डिस्ट्रॉफी) असलेलं मूल, केवळ दृष्टिहीन मूल या विम्यात बसत नाही.

दोन मोठे आकडे असे गळाले की उरतात ते ७५ हजार, आणि तेही एकसंध नाहीत. २,५०० हा दर दिव्यांग लाभार्थ्याचा आहे आणि तो ऑक्टोबर २०२५पासूनचा; त्याआधी १,५०० होता. वाढ झाली ती चांगलीच झाली. पण आई विधवा किंवा परित्यक्ता म्हणून स्वतः लाभार्थी असेल तर तिचा दर १,५००च आहे, आणि मग लाडकी बहीणचं दार बंद. इतर शासकीय योजनेतून महिन्याला दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर ती स्त्री अपात्र, असा तिथला निकषच आहे.

एकट्या बापाचा तर मेसेजमध्ये पत्ताच नाही. लाडकी बहीण त्याच्यासाठी नाही आणि संजय गांधीत विधुर असा गटही नाही. त्याच्यासाठी उरतं ते मुलाच्या नावाने मिळणारं, जसं बालसंगोपन.

‘दोन वर्षं भरपगारी रजा.’ केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे खरी. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार, पुढच्या ३६५ना ८० टक्के. मूल दिव्यांग असेल तर वयाची अट नाही, आणि एकल पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते. पण राज्याराज्यांत नियम वेगळे. हिमाचल प्रदेशात सरकारी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका आईला ही रजा नाकारली गेली, तेव्हा ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. एप्रिल २०२४मध्ये न्यायालयाने सांगितलं की अशी रजा नाकारणं हे स्त्रियांना नोकरीत समान वाटा मिळू देण्याच्या घटनात्मक कर्तव्याशी विसंगत आहे. पगारी, कायम नोकरीतल्या बाईला इतकं झगडावं लागलं. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची रजा म्हणजे त्या दिवसाची कापलेली मजुरी.

एसटीची तर गंमतच आहे. अपंगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्याला तिकिटात ५० टक्के सवलत. पण मार्च २०२३पासून एसटीत प्रत्येक बाईला ५० टक्के सवलत आहेच. म्हणजे मुलाची सोबती म्हणून आईला जादा काय मिळालं? काही नाही.

राहिला टोमणा. ‘कामाला जायला नको म्हणून.’ ज्या मुलाला भरवावं लागतं, कूस बदलून द्यावी लागते, झटका आला तर जवळ कुणीतरी असावंच लागतं, त्याला दिवसभर कोण बघणार? जोडप्यात एक जण कमावतो, एक सांभाळतो. इथे दोन्ही एकाच माणसाने करायचं आहे. वरच्या योजनांमध्ये कुठे मुलाची टक्केवारी मोजली जाते, कुठे घरचं उत्पन्न मोजलं जातं. सांभाळणाऱ्याचे तास मोजणारा रकाना कुठल्याच अर्जावर नाही. माझा खरा राग यावर आहे. कारण ही मागणी हवेतली नाही. २०१६च्या कायद्याचं कलम २४ सामाजिक सुरक्षेचं आहे आणि त्यात जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. केरळची ‘आश्वासकिरणम्’ योजना अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देते. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणं हे काम आहे असं निदान कागदावर तरी मान्य झालं. ‘आणखी काय हवं?’ असं विचारणाऱ्यांनी आधी हे कलम वाचावं.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर त्याऐवजी एवढं पाठवा: बालसंगोपनासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात जायचं, आदेश बालकल्याण समिती देते आणि लाभ १८ वर्षांपर्यंत असतो. पैसे अनेकदा काही महिन्यांचे एकदम जमा होतात, तेव्हा महिन्याचा खर्च त्याच्या भरवशावर ठेवू नका. ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून काय मिळतं ते लेखी विचारा. आणि निरामयचं वर्ष ३१ मार्चला संपतं. नूतनीकरण त्याआधी करून घ्या.