आणखी नव्वद अंश

माझ्याकडे एक डबा आहे. गेल्या वीस वर्षांत घरात जे जे उघडलं, मोडलं किंवा भंगारात गेलं, त्या सगळ्याचे बोल्ट त्यात आहेत. पंख्याचे आहेत, पाळण्याचे आहेत, आणि कुठले हे देवालाही सांगता येणार नाही असे तर मूठभर आहेत. बोल्ट फेकून देणाऱ्या माणसावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही.

त्यामुळे गाडीचं इंजिन खोललं तेव्हा हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारं जाड झाकण, त्याचे दहाही बोल्ट मी रॉकेलनं धुतले, तारेचा ब्रश मारला, पुसून कापडावर ओळीनं मांडले. नव्यासारखे दिसत होते. मिस्त्री आले, उभ्या उभ्या एक नजर टाकली आणि म्हणाले, "हे फेका."

"का?"

"ताणलेत."

"ताणलेला तर मीही आहे, मिस्त्री. मला अजून कोणी फेकलं नाही."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी व्हर्नियर माझ्या हातात दिला. मी दहाही बोल्टांची लांबी मोजली. दोन बोल्ट बाकीच्यांपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर लांब भरले आणि त्यातल्या एकाची कंबर मधेच बारीक झालेली. उरलेल्या आठांची वकिली करायला मी तोंड उघडलं, तर मिस्त्रींनी मॅन्युअल पुढे सरकवलं. काही इंजिनांत लांबी मोजून, मर्यादेत असेल तर जुना बोल्ट परत चालतो. आमच्या मॅन्युअलात एकच ओळ होती: दर वेळी नवे.

प्रकार असा, की साधा बोल्ट रबरासारखा वागतो. आवळला की जरासा ताणतो, सोडला की मूळ मापावर येतो. हेडचे हे बोल्ट मात्र त्या हद्दीच्या पलीकडे मुद्दाम नेऊन ठेवतात. तिथे पोलाद थोडं सैलावतं. पिळत राहिलं तरी दाब फारसा वाढत नाही, म्हणून दहाही बोल्ट हेडला जवळजवळ सारख्याच जोरानं धरतात. शिवाय ॲल्युमिनियमचं हेड तापलं की खालच्या बिडाच्या ब्लॉकच्या साधारण दुप्पट फुगतं, तेही बोल्टला सोसावं लागतं. एकदा असा ताणला की तो मूळ लांबीवर येत नाही. 'तुटेपर्यंत ताणू नये' ही म्हण बोल्ट बनवणाऱ्यांनी ऐकलेली आहे. फक्त 'ताणू' आणि 'तुटे' यांच्या मधल्या बोळात त्यांनी दुकान थाटलंय.

तर नवे घेणं आलं. मी बोल्टाच्या डोक्यावरचे आकडे वाचायला शिकलो आणि लगेच बिघडलो. 10.9 मधला 10 म्हणजे ताण सोसायची ताकद साधारण 1000 मेगापास्कल आणि .9 म्हणजे त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. हे कळल्यावर 12.9 बघून कोणाचा जीव जाणार नाही? आकडा मोठा, बोल्ट काळाकुळकुळीत, रुबाबदार.

"हे घालू या की. जास्त मजबूत."

"मजबूत आहे, पण तुमच्या गाडीचा नाही," मिस्त्री म्हणाले. "बोल्ट किती अंश फिरवायचा ते मॅन्युअलात दिलंय. तो कोन मॅन्युअलातल्या बोल्टाचा. दांडा किती जाड, किती लांब, तो किती ताणणार, सगळं त्यात धरलंय. दुसरा घातलात की हिशेब कोलमडला."

मग मी स्टडचा विषय काढला. स्टड म्हणजे बिनडोक्याचा, आटे पाडलेला दांडा. तो ब्लॉकमध्ये बसतो आणि वरून फक्त नट फिरतो. दांड्याला पीळ कमी बसतो, परत वापरताही येतो. 'परत वापरता येतो' हे तीन शब्द वाचून माझे डोळे पाणावले होते. मिस्त्रींनी विचारलं, "रेस लावायचीय की ऑफिसला जायचंय?" वर बॉनेटखालची जागा दाखवली. स्टड उभे राहिले, तर पुढच्या वेळी हेड त्यांच्यावरून उचलून बाहेर काढायला वर हातभर जागा हवी. ती नव्हती. मूळ कंपनीचा संच मागवला.

नवे बोल्ट आल्यावर वाटलं, आता आवळलं की झालं. कुठलं काय! आधी ब्लॉकमधली भोकं साफ करायची. मी उत्साहानं टॅप घेऊन पुढे झालो, तसा मिस्त्रींनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला. टॅप आटे कापतो, इथे नुसते पुसायचेत. मग त्यांनी माझ्या जुन्या बोल्टांतला एक धडधाकट निवडला, ग्राइंडरनं त्याच्या आट्यांवर चार उभ्या चिरा पाडल्या आणि तो हातानं भोकात फिरवायला दिला. दर फेरीला चिरांमध्ये काळा चिखल भरून वर येत होता.

"पण तुम्ही तर फेका म्हणालात."

"नऊ फेका."

पुढे गास्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधला पातळ थर) आणि हेड सरकू नये म्हणून दोन टोकांना वाटाडे हवे होते. मिस्त्रींनी आणखी दोन जुने बोल्ट घेतले, त्यांची डोकी उडवली, माथ्यावर स्क्रूड्रायव्हरपुरती खाच पाडली आणि ब्लॉकमध्ये उभे केले. हेड त्यांच्यावरून अलगद खाली उतरलं. मी काही बोललो नाही. नुसता बघत राहिलो.

"सात," मिस्त्री म्हणाले.

तेलाचं प्रकरण वेगळंच. आवळताना आपण लावतो त्या जोरातला साधारण निम्मा बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी चाळीसेक टक्के आट्यांत. प्रत्यक्ष दाबायला उरतात दहा. म्हणजे कोरडा बोल्ट घातला, तर टॉर्क रेंच, ठरलेला जोर लागला की 'कट्' वाजणारा पाना, म्हणणार झालं, आणि हेडला पत्ताच नाही. हे ऐकून मी पहिला बोल्ट तेलात आंघोळ घालूनच काढला. मिस्त्रींनी तो मधल्यामध्ये धरला. भोक खालून बंद असतं. तेल तळाशी साचलं तर बोल्ट त्याला दाबतो, तेल काही दबत नाही, आणि तडा ब्लॉकला जातो. म्हणून भोकं हवा मारून कोरडी, आणि तेलाचा नुसता हात आट्यांवर नि डोक्याखाली. तेल कमी पडलं तरी मरण, जास्त झालं तरी मरण.

आवळायची वेळ आली. सुरुवात मधल्या बोल्टांपासून, मग आळीपाळीनं बाहेर. पहिली फेरी 40 न्यूटन-मीटर. दहा वेळा टॉर्क रेंचनं 'कट्' म्हटलं आणि दहा वेळा मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. मग रेंच बाजूला. आता आकडा नाही, नुसता कोन: प्रत्येकाला नव्वद अंश. प्रत्येक डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, सगळे एकाच दिशेला. फेरी संपली तेव्हा दहाही ठिपके काटकोनात वळून बसले होते आणि माझी बनियन पाठीला चिकटली होती.

"आणखी नव्वद," मिस्त्री म्हणाले.

लांब दांडा लावला. पाव फेरीतला पहिला भाग नेहमीसारखा जड गेला. मग बोल्ट करकरला, आणि त्यानंतर जे झालं ते वाईट होतं: जोर वाढेचना. दांडा फिरतोय, पण हाताला वाढता विरोध नाही. हाताला हे एकाच प्रसंगातून माहीत असतं. आटे गेले की असंच लागतं. माझ्या डोळ्यांपुढे ब्लॉक, दुरुस्तीचं बिल आणि बायकोचा चेहरा याच क्रमानं येऊन गेले. मी थांबलो.

"थांबू नका! मधे थांबलात की बोल्ट धरतो. एका दमात."

"अहो, तो सैल पडतोय!"

"सैल नाही. ताणतोय. त्यासाठीच तर आणलाय."

डोळे मिटून ओढला. ठिपका मागे जाऊन बसला. मग दुसरा, तिसरा. दहाव्याला माझे हात मला न विचारता थरथरत होते, पण ठिपके सगळे एका रांगेत होते.

मिस्त्री हात पुसत निघाले. मी कापडावरचे उरलेले सात जुने बोल्ट गोळा करून डब्यात टाकायला लागलो. त्यांनी पाहिलं.

"ह्यांचं काय करणार?"

"बघू. लागतात कधी."

ते जरा घुटमळले, डब्यात हात घालून दोन चांगले निवडले, खिशात टाकले आणि दाराशी पोचल्यावर म्हणाले, "पाच फेका."