मुलाखतीची फाइल उघडत नव्हती म्हणून डिलीट केली म्हणे!

17 सप्टेंबरचं रेकॉर्डिंग. मुक्तिसंग्रामात होते त्या आजोबांची तीन तासांची मुलाखत. 1948 ला पंधरा-सोळा वर्षांचे असलेले आज नव्वदीच्या पुढे आहेत, पुन्हा कुणाला बसवणार कॅमेऱ्यासमोर? आणि लोकल चॅनेलवाल्यांनी ती थेट एमपी4 मध्ये घेतली. शेवटच्या पाच मिनिटांत लाइट गेली. यूपीएस होता, पण त्यावर मॉनिटर आणि मोबाइलचे चार्जर! रेकॉर्डिंगचं मशीन थेट भिंतीतल्या बोर्डात.

अरे, कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे तो तक्ता, मूव्ह ॲटम, एमपी4 मध्ये रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहिला जातो. त्याआधी लाइट गेली की 12 एमबीपीएसने (सेकंदाला 12 मेगाबिट) भरलेले 16 जीबी डिस्कवर पडून राहतात आणि एकही प्लेअर ते उघडत नाही. पण डेटा असतो ना! त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला दोन मिनिटांची फाइल घ्यायची, ती नमुना म्हणून देऊन अनट्रंक हे तुटलेली फाइल दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर चालवायचं, बरंचसं हाती लागतं. यांनी काय केलं? डिलीट. वर त्याच हार्डडिस्कवर मिरवणूक रेकॉर्ड केली, म्हणजे पुसलेल्या डेटाच्या जागी नवा लिहिला जाण्याची सोय. चीड येते हो, चीड!

टीएस नाहीतर एमकेव्ही या फाइल प्रकारांमध्ये रेकॉर्ड करा, किती वेळा सांगायचं? टीएसचं पॅकेट 188 बाइटचं, मध्येच तुटलं तरी तिथपर्यंतचं चालतं. नंतर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने कॉपी मोडमध्ये, म्हणजे चित्र-आवाज पुन्हा एन्कोड न करता, एमपी4 करा, दर्जा तसूभर कमी होत नाही. वेबसाइटसाठी करताना त्यातलाच फास्टस्टार्ट पर्याय लावा म्हणजे तक्ता सुरुवातीला येतो. ते लावायचं नाही आणि व्हिडिओ सुरू होत नाही म्हणून गावाकडच्या नेटला शिव्या घालायच्या.

"रेड 5 आहे, बॅकअप कशाला?" म्हणणारे तर डोक्यातच जातात. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या, ते एक डिस्क मेली तर सांभाळतं. डिलीट केलेलं सगळ्या डिस्कवरून एकदमच जातं. एक्सडीकॅम या व्यावसायिक व्हिडिओ फॉरमॅटचा 50 एमबीपीएसचा तास म्हणजे 22.5 जीबी, आणि बातम्या ऑन एअर असताना प्लेआउटच्याच, म्हणजे जिथून कार्यक्रम प्रसारित होतो त्याच डिस्कवर तसे चार तास कॉपीला लावतात. डिस्क वाचणारं हेड इकडून तिकडे पळतं, पडद्यावर चित्र अडकतं, फोन मात्र केबलवाल्याला.

मुलाखतीची ती डिस्क आत्ताच्या आत्ता मशीनमधून काढा. आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या, रिकव्हरी त्या इमेजवरच करा. आणि उद्याची आरती दुसऱ्या डिस्कवर घ्या.