सगळ्या चाली कोणीच मोजत नाही

बुद्धिबळ किंवा गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरची जागा वेढण्याचा खेळ) खेळणाऱ्या प्रोग्रामचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा असतो: संगणक जिंकतो त्यात बुद्धीचा भाग नाही, तो सगळ्या शक्य चाली शेवटपर्यंत मोजतो आणि जिंकून देणारी निवडतो, प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त नियम सांगायचे, यंत्र जितके वेगवान तितका खेळ भारी, १९९७ साली बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह संगणकाकडून हरला तो या वेगापुढेच, आणि आता तर अल्फाझीरो हा प्रोग्राम माणसाच्या मदतीशिवाय चार तासांत शिकला, तेव्हा या क्षेत्रात करण्यासारखे काही उरलेले नाही. गेली काही वर्षे मी फावल्या वेळात बुद्धिबळाचा एक प्रोग्राम लिहितो आहे. तो फारसा बलवान नाही, पण यातले प्रत्येक विधान कुठे अडखळते हे त्याने मला चांगलेच दाखवले आहे. म्हणून ही विधाने एकेक करून घेतो.

पहिले विधान सगळ्या चाली शेवटपर्यंत मोजण्याचे. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९५० च्या आपल्या निबंधातच याचा हिशेब मांडला होता. पांढऱ्याची एक खेळी आणि काळ्याचे उत्तर मिळून साधारण हजार शक्यता होतात आणि डाव चाळीसएक खेळ्या चालतो असे धरले, तर एकंदर डावांची संख्या १ वर १२० शून्ये इतकी होते. आता सेकंदाला २० कोटी स्थिती तपासणारे यंत्र विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षे, अखंड चालू आहे अशी कल्पना करा. त्याने आजवर तपासलेल्या स्थितींची संख्या जेमतेम २६ आकडी भरेल. गोची तर बातच वेगळी: १९ बाय १९ च्या पटावर नियमांत बसणाऱ्या नुसत्या स्थितीच १७१ आकडी संख्येइतक्या आहेत.

जो खेळ खरोखर ‘सुटला’ आहे तिथेही सगळे मोजलेले नाही, हे तर अनेकांना ठाऊकच नसते. अल्बर्टा विद्यापीठातील जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चेकर्स हा खेळ सोडवल्याचे जाहीर केले: दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो. त्या खेळात सुमारे ५ वर २० शून्ये इतक्या स्थिती संभवतात. प्रत्यक्ष सिद्धतेसाठी त्यांपैकी १ वर १४ शून्ये इतक्याच तपासाव्या लागल्या, म्हणजे पन्नास लाखांत एक. उरलेल्या पाहण्याची गरज नाही हे दाखवणे हेच त्या अनेक वर्षांच्या कामाचे मर्म होते.

दुसरे विधान: लिहिणाऱ्याने फक्त नियम सांगायचे. त्यातला ‘फक्त’ हा शब्द ज्याने लिहिला त्याने नियम कधी कोडमध्ये उतरवलेले नसावेत. या लेखात एका खेळाडूची एक खेळी म्हणजे एक पायरी असे धरू. प्रोग्रामला नियम नीट कळले आहेत की नाही हे पाहण्यासाठी सुरुवातीच्या मांडणीपासून अमुक पायऱ्यांपर्यंत किती वेगवेगळ्या क्रमांनी खेळता येते ते मोजायचे आणि सर्वमान्य आकड्यांशी ताडायचे, अशी एक चाचणी आहे. तिला पर्फ्ट म्हणतात. पहिल्या पायरीला २०, दुसरीला ४००, तिसरीला ८,९०२, चौथीला १,९७,२८१. माझ्या प्रोग्रामने हे चारही आकडे बिनचूक दिले आणि मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. पाचव्या पायरीला ४८,६५,६०९ यायला हवे होते, आले ४८,६५,३५१. फरक २५८ चा. दोन संध्याकाळी घालवल्यावर उमगले की दोन घरे पुढे आलेले प्यादे जाता जाता मारण्याचा नियम, ज्याला आँ पासाँ म्हणतात, तो मी लिहिला होता खरा, पण ज्या घरावरून प्यादे उडी मारून गेले त्या घराची नोंद खेळी संपायच्या आतच पुसली जात होती. ही चाल सुरुवातीच्या मांडणीतून पाचव्या पायरीच्या आधी शक्यच नसते आणि पाचव्या पायरीला ती बरोबर २५८ प्रकारे करता येते. अठ्ठेचाळीस लाखांत अडीचशेची चूक डोळ्यांनी खेळ पाहून कधीच सापडली नसती.

आता वेगाचा मुद्दा, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण या मजकुरातला सगळ्यात पटणारा भाग हाच आहे. बुद्धिबळात एका स्थितीत सरासरी ३५ चाली शक्य असतात असे धरू. सहा पायऱ्यांपर्यंत सगळे पाहायचे तर सुमारे १८४ कोटी स्थिती होतात. आता समजा, माझी एक चाल तपासून झाली आहे आणि समोरच्याने काहीही केले तरी तिच्यातून मला निदान बरोबरी मिळते. दुसरी चाल तपासायला घेतली, तर त्याच्या पहिल्याच उत्तराने माझा वजीर फुकट जातो. मग त्याची उरलेली ३४ उत्तरे कशाला पाहायची? ती चाल बाद झाली. किती वाईट रीतीने बाद झाली याच्याशी मला कर्तव्य नाही. या साध्या तर्काला अल्फा-बीटा छाटणी म्हणतात, आणि तिच्यामुळे उत्तर तसूभरही बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी सर्वोत्तम चाल आधी तपासली गेली, तर त्याच सहा पायऱ्यांसाठी ८५,७४९ स्थिती पुरतात. म्हणजे काम एकवीस हजार पटींनी कमी झाले. यंत्राचा वेग दर दोन वर्षांनी दुप्पट होतो असे उदारपणे धरले, तरी तेवढा फायदा नुसत्या यंत्राकडून मिळवायला जवळपास तीस वर्षे लागतील.

मेख अर्थातच ‘सर्वोत्तम चाल आधी’ यात आहे. ती ठाऊक असती तर शोधायचे कशाला? म्हणून अंदाज बांधावे लागतात. मोहरा मारण्याच्या चाली आधी पाहायच्या, कमी खोलीच्या शोधात जी चाल चांगली ठरली ती खोल शोधात पहिली घ्यायची, शेजारच्या फांदीत, म्हणजे दुसऱ्या एखाद्या चालीनंतर, ज्या उत्तराने बाजी मारली ते इथेही आधी आजमावायचे, आणि वेगळ्या क्रमाने तीच स्थिती पुन्हा आली तर जुना निकाल तक्त्यातून उचलायचा. खेळणाऱ्या प्रोग्रामचे अर्धे आयुष्य या क्रमवारीत जाते. क्रम उलटा लागला तर तेच यंत्र, तीच खोली, आणि पुन्हा १८४ कोटी.

वेगाने न सुटणारा दुसरा प्रश्न म्हणजे थांबायचे कुठे. माझ्या प्रोग्रामची पहिली आवृत्ती ठरलेल्या पायरीवर थांबून मोहऱ्यांची बेरीज करायची. शेवटच्या पायरीवर वजिराने एक प्यादे मारले की तिला एका प्याद्याचा फायदा दिसे. पुढच्याच खेळीत तो वजीर उंटाच्या तोंडी जाणार आहे हे तिच्या क्षितिजापलीकडे असे. त्यामुळे ती मोठ्या आत्मविश्वासाने वजीर घालवून बसायची. शोध दोन पायऱ्यांनी खोल केला की आंधळेपणा दोन पायऱ्या पुढे सरकतो, जात नाही. उपाय असा की मारामारी चालू असताना स्थितीला गुण द्यायचेच नाहीत. मारण्याच्या चाली शांत होईपर्यंत पुढे जायचे आणि मगच मोजमाप करायचे. तरीही एक चिवट प्रकार उरतो: उंट अडकला आहे आणि जाणारच आहे हे दिसले की प्रोग्राम एकेक प्यादे फेकत ते नुकसान क्षितिजापलीकडे ढकलत राहतो, आणि शेवटी उंटही जातो, प्यादीही जातात. (हा गुण माणसातही आढळतो, पण तो विषय वेगळा.)

मग कास्पारोव्हचे काय? त्याला हरवणारा आयबीएमचा संगणक डीप ब्लू वेगवान होता आणि त्या वेगाचा वाटा मोठा होता, हे मान्यच करायला हवे. इतकेच नव्हे, माणसासारख्या मोजक्या चाली निवडून पाहणाऱ्या प्रोग्रामांपेक्षा सरसकट पाहणारे प्रोग्राम १९७० च्या दशकात वरचढ ठरले होते, हेही खरे. पण ‘वेगापुढेच’ हे मात्र चूक. १९९७ च्या यंत्रात बुद्धिबळासाठी मुद्दाम बनवलेल्या ४८० चिप होत्या, आणि त्या चिपमध्ये स्थितीचे मोल ठरवणारी आठ हजारांच्या आसपास वैशिष्ट्ये कोरलेली होती: राजा किती सुरक्षित, कोणता हत्ती मोकळ्या पट्टीवर, कोणते प्यादे एकाकी. प्रत्येकाला किती वजन द्यायचे हे माणसांनी ठरवले होते आणि त्यांत ग्रँडमास्टरही होते. आदल्या वर्षी, १९९६ मध्ये, याच चमूचे यंत्र कास्पारोव्हकडून ४-२ असे हरले होते. मधल्या काळात वेग वाढला तसे हे मूल्यमापनही नव्याने घडवले गेले. निकाल साडेतीन-अडीच असा लागला. त्यातले श्रेय एकट्या वेगाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

अल्फाझीरोचे उदाहरण तर या मजकुराच्या अंगावरच उलटते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ६० हजार स्थिती पाहत होता आणि त्याचा प्रतिस्पर्धी, स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्राम, सुमारे ६ कोटी. हजारपट कमी पाहणाऱ्याने हजार डावांत १५५ जिंकले, ६ गमावले आणि बाकीचे बरोबरीत सोडवले. वेगच सर्वस्व असता तर हा निकाल उलटा लागायला हवा होता. कोणत्या चालीकडे लक्ष द्यायचे हे त्याचे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांतून शिकणारी गणिती रचना) सांगत होते, म्हणजे वर सांगितलेली क्रमवारीची आणि मूल्यमापनाची कामेच त्याने वेगळ्या मार्गाने साधली होती.

‘चार तासांत’ हेही जरा सोलून पाहावे. स्वतःशी डाव खेळून शिकण्यासाठी त्या वेळी ५,००० खास प्रोसेसर एकाच वेळी राबत होते आणि नऊ तासांच्या पूर्ण प्रशिक्षणात बुद्धिबळाचे ४ कोटी ४० लाख डाव खेळले गेले. स्टॉकफिशला मागे टाकायला घड्याळातले चार तास लागले हे खरे, पण ते एका यंत्राचे चार तास नव्हेत. माणसांच्या डावांचा त्यात वापर नव्हता, हेही खरे. मात्र खेळाचे नियम, पट नेटवर्कपुढे कसा मांडायचा आणि शोधाची रीत हे सारे माणसांनीच ठरवलेले होते. दुसऱ्या बाजूला, स्टॉकफिशने २०२० मध्ये आपल्या अल्फा-बीटा शोधाला एक छोटे, साध्या प्रोसेसरवरही झपाट्याने चालणारे नेटवर्क जोडले. ती कल्पना शोगी या जपानी खेळाच्या प्रोग्रामांतून आली होती.

उरले शेवटचे विधान, की आता करण्यासारखे काही नाही. स्टॉकफिशमधला एखादा बदल खरेच उपयोगाचा आहे का, हे ठरवण्यासाठी स्वयंसेवकांच्या संगणकांवर जुनी आणि नवी आवृत्ती हजारो डाव खेळतात. खेळाचे बळ मोजणाऱ्या इलो मानांकनात पाच अंकांची सुधारणा म्हणजे शंभर डावांत एका गुणापेक्षाही कमी फरक, आणि तो योगायोग नाही हे पटायला दहा-बारा हजार डाव लागतात. मीही घरच्या संगणकावर असेच डाव लावतो; ‘ही तर उघड सुधारणा आहे’ म्हणून केलेल्या माझ्या बदलांपैकी बहुतेक या चाळणीत गळून पडले.

गोमध्ये तर २०२३ मध्ये मोठी गंमत झाली. काटागो हा प्रोग्राम माणसांच्या आवाक्याबाहेरचा मानला जात होता. संशोधकांनी त्याच्या चुका हुडकण्यासाठी दुसरा प्रोग्राम शिकवला, आणि त्याला असे आढळले की काटागोच्या सोंगट्यांची वर्तुळाकार साखळी हळूहळू वेढत नेली, तर ती मरणार आहे हे काटागोला अगदी शेवटपर्यंत कळत नाही. ही युक्ती शिकून एका हौशी, पण तरबेज खेळाडूने अशाच बलाढ्य प्रोग्रामविरुद्ध, डाव चालू असताना संगणकाची मदत न घेता, १५ पैकी १४ डाव जिंकले. वेढा पूर्ण होत आला तेव्हा तो पटावर नजर टाकणाऱ्या नवख्यालाही दिसला असता.